ग्लासगोत मॅकिन्टॉश बघायचाय? सुरुवात त्याच्या घरापासून करा

ग्लासगोला बरेच जण एडिनबराच्या ट्रिपमध्ये उरलेला दिवस ढकलायला येतात, जॉर्ज स्क्वेअरला एक चक्कर, युनिव्हर्सिटीसमोर दोन-चार फोटो, थोडं शॉपिंग आणि संध्याकाळच्या ट्रेनने परत. नाहीतर मुलगा किंवा मुलगी तिथे शिकायला असते म्हणून आईबाबा येतात आणि मुलं कॉलेजला गेली की दिवसभर खिडकीतून पाऊस बघत बसतात. दोघांनाही माझं सांगणं एकच, चार्ल्स रेनी मॅकिन्टॉश हा एकच आर्किटेक्ट धरा आणि त्याच्या मागेमागे शहर फिरा. म्युझियम, चहा, जुनी गल्लीबोळं, समुद्राकाठचं छोटं गाव, सगळं त्यात आपोआप येतं आणि शहर लक्षात राहतं.

आधी थोडी ओळख, नाहीतर तिथे गेल्यावर नुसत्या खुर्च्या दिसतील. मॅकिन्टॉशचा जन्म 7 जून 1868 चा, ग्लासगोच्या टाउनहेड भागातला, वडील पोलीस खात्यात कारकून, घरात अकरा भावंडं. सोळाव्या वर्षी एका आर्किटेक्टकडे उमेदवारी, संध्याकाळी ग्लासगो स्कूल ऑफ आर्टचे क्लास, मग 1889 पासून हनीमन अँड केपी या फर्ममध्ये नोकरी. आर्किटेक्ट म्हणून त्याचं महत्त्वाचं काम जवळजवळ सगळं 1895 ते 1910 या पंधरा वर्षांतलं आहे आणि त्यातलं बहुतेक ग्लासगोत किंवा ट्रेनने तासाभरात पोचता येईल इतक्या अंतरावर. 1914 मध्ये त्याने ग्लासगो सोडलं, पुढे फार कामं मिळाली नाहीत, शेवटची काही वर्षं दक्षिण फ्रान्समध्ये वॉटरकलर करण्यात गेली आणि 10 डिसेंबर 1928 ला लंडनमध्ये तो गेला. म्हणजे एका माणसाचं मुख्य काम एकाच शहरात आणि तेही तीन-चार दिवसांत निवांत बघून होईल एवढं, असं फार कमी आर्किटेक्टच्या बाबतीत होतं.

आणि दुसरं नाव पहिल्याच दिवशी पाठ करा, मार्गारेट मॅकडॉनल्ड. त्याची बायको, 1900 मध्ये लग्न झालं, स्वतः मोठी कलाकार. त्याच्या खोल्यांमधली पॅनेल्स, भरतकाम, गुलाब, लांब केसांच्या बायका यातलं बरंच काम तिचं आहे. त्याने स्वतः तिला पत्रात लिहिलं होतं की माझ्या सगळ्या आर्किटेक्चरमध्ये निम्मा, किंबहुना पाऊण वाटा तुझा आहे. तरी पाटीवर आणि दुकानातल्या मगांवर नाव एकट्या त्याचंच असतं, त्यामुळे जिथे जाल तिथे यातलं मार्गारेटचं काय आहे हे विचारायची सवय ठेवा, गाइड लोक खुश होऊन सांगतात.

क्रम का महत्त्वाचा आहे

नेटवर शोधलं की पहिलं नाव येतं ग्लासगो स्कूल ऑफ आर्टचं, त्याची सगळ्यात गाजलेली बिल्डिंग, आणि लोक सगळ्यात आधी तिकडे धावतात. तिथे 23 मे 2014 ला आग लागली, त्यात जगप्रसिद्ध लायब्ररी जळाली, मग दुरुस्तीचं काम बरंच पुढे गेलेलं असताना 15 जून 2018 ला पुन्हा आग लागली आणि ही दुसरी आग कितीतरी मोठी होती, आतलं जवळजवळ सगळं गेलं. तेव्हापासून बिल्डिंग परांचीत आणि कापडात गुंडाळलेली आहे. तिथून सुरुवात केली तर पहिल्याच तासात मन खट्टू होतं आणि बाकीचं बघायचा उत्साह जातो.

माझ्या मते बरोबर क्रम असा: आधी त्याचं राहतं घर, मग म्युझियममधल्या वस्तू, मग टी रूम, म्हणजे त्या काळचं चहा-फराळाचं हॉटेल, मग रस्त्यावरून दिसणाऱ्या इमारती आणि आर्ट स्कूल, आणि मग शहराबाहेरचं हिल हाउस. कारण हा माणूस आतून बाहेर डिझाइन करायचा. खोलीत उजेड कुठून येणार, बसणाऱ्याच्या डोक्यामागे काय दिसणार, दाराची मूठ हाताला कशी लागणार हे आधी ठरायचं आणि बाहेरची भिंत त्यातून यायची. बाहेरून त्याच्या इमारती कधीकधी अगदी साध्या, ओबडधोबड वाटतात, पण आतलं एकदा डोळ्यात बसलं की तीच साधी भिंत वाचता यायला लागते.

निघण्याआधी

यूकेचा व्हिसा वेगळा लागतो, शेंगेन व्हिसावर स्कॉटलंडला जाता येत नाही, हे माहीत असूनही युरोप टूरला जोडून प्लॅन करणारे दरवर्षी अडकतात. साधा स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसा काढा, त्यावर एका वेळी सहा महिन्यांपर्यंत राहता येतं. लंडनला उतरणार असाल तर यूस्टन स्टेशनवरून ग्लासगो सेंट्रलची थेट ट्रेन आहे, साधारण साडेचार-पाच तास, तिकीट जितकं आधी काढाल तितकं स्वस्त. एडिनबराहून ग्लासगो क्वीन स्ट्रीट पाऊण-एक तास. सेंट्रल आणि क्वीन स्ट्रीट ही दोन वेगळी स्टेशनं आहेत, चालत दहा मिनिटांचं अंतर, बदलायचं असेल तर तेवढा वेळ हातात ठेवा.

सीझन म्हणाल तर मे ते सप्टेंबर. एकतर हवा बरी, दुसरं म्हणजे उजेड. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो आणि डिसेंबरमध्ये पावणेचारलाच सूर्य मावळतो, आणि मॅकिन्टॉशच्या खोल्या म्हणजे सगळा उजेडाचाच खेळ, त्यामुळे हा फरक फार मोठा आहे. हिवाळ्यात हिल हाउससारख्या जागांचे दिवसही कमी होतात. पाऊस मात्र कधीही येतो, आपल्या जुलैतल्यासारखा कोसळत नाही पण भुरभुर दिवसभर चालू, वर वारा, छत्री उलटी होते, म्हणून टोपीचं वॉटरप्रूफ जॅकेट आणि न घसरणारे बूट घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम, वार जुळवणं. हंटेरियन आर्ट गॅलरी, जिथे मॅकिन्टॉशचं घर आहे, ती सोमवारी बंद असते. हाउस फॉर अ‍ॅन आर्ट लव्हर या जागी लग्नं आणि पार्ट्या होतात, त्या दिवशी आतल्या खोल्या बघायला मिळत नाहीत. क्वीन्स क्रॉस चर्च आठवड्यातले ठराविकच दिवस उघडं असतं. म्हणून विमानाचं तिकीट झालं की लगेच या तिन्हींच्या आणि हिल हाउसच्या वेबसाइटवर जाऊन तुमच्या तारखांना काय उघडं आहे ते बघा आणि त्यावरून कुठला दिवस कुठे ते ठरवा, मी खाली दिलेला क्रम थोडा पुढेमागे झाला तरी चालेल, फक्त घर पहिलं ठेवा.

राहायला सबवे स्टेशनजवळ जागा बघा. ग्लासगोची सबवे 1896 ची आहे, लंडन आणि बुडापेस्टनंतर जगातली सगळ्यात जुनी, एकच गोल, पंधरा स्टेशनं, पूर्ण चक्कर 24 मिनिटांत. त्यामुळे हरवण्याची भीतीच नाही, चुकीच्या दिशेने बसलात तरी फिरून तिथेच येता. दिवसभराचं तिकीट घेतलं की निवांत. रविवारी मात्र सबवे लवकर बंद होते, तेवढं लक्षात ठेवा.

पहिला दिवस: घर आणि म्युझियम

हिलहेड स्टेशनला उतरा, युनिव्हर्सिटीकडे पाच-सात मिनिटं चाला, हिलहेड स्ट्रीटवर लायब्ररीच्या शेजारी हंटेरियन आर्ट गॅलरी आहे. आत जाण्याआधी बाहेर थांबून वर बघा. काँक्रीटच्या भिंतीत एक जुन्या घराचं पुढचं दार दिसेल, जमिनीपासून चांगलं उंचावर आणि खाली पायऱ्याच नाहीत. इथेच सगळी गोष्ट आहे. मॅकिन्टॉश आणि मार्गारेट 1906 ते 1914 या काळात इथून जेमतेम शंभर मीटरवर असलेल्या घरात राहायचे. 1963 मध्ये ते घर पाडलं गेलं, पण पाडण्याआधी आतल्या फिटिंग्ज, दारं, फायरप्लेस, फर्निचर सगळं काढून सांभाळून ठेवलं आणि मग 1981 मध्ये नव्या गॅलरीच्या आत त्या खोल्या जशाच्या तशा क्रमाने उभ्या केल्या. खिडक्यांच्या दिशासुद्धा मूळ घराप्रमाणे ठेवल्या, त्यामुळे सकाळ-दुपारचा उजेड साधारण तसाच पडतो जसा त्या दोघांना दिसायचा. रिकन्स्ट्रक्शन म्हटलं की लोक नाक मुरडतात, पण इतक्या काळजीने केलेलं काम क्वचित बघायला मिळतं.

गॅलरीत जायला पैसे नाहीत, घराला तिकीट आहे आणि एका वेळी मोजकीच माणसं सोडतात, म्हणून सकाळी लवकर जा. आत गेल्यावर घाई करू नका. खाली हॉल आणि जेवणाची खोली, दोन्ही गडद. जेवणाच्या खोलीत भिंती करड्या-तपकिरी कागदाच्या आणि टेबलाभोवती त्या प्रसिद्ध उंच पाठीच्या खुर्च्या, जवळजवळ साडेचार फूट उंच, वर अंडाकृती पाटी आणि त्यात उडत्या पक्ष्याचा आकार कापलेला. या खुर्च्या मूळच्या आर्गाइल स्ट्रीटच्या टी रूमसाठी केलेल्या, 1897-98 च्या सुमाराला. फोटोत त्या उगीच उंच वाटतात, पण टेबलाभोवती एकत्र बघितल्या की कळतं, पाठी मिळून टेबलाभोवती एक कुंपण तयार होतं, खोलीच्या आत आणखी एक छोटी खोली.

मग जिना चढून वर या. आणि वर एकदम पांढरं. दोन खोल्यांमधली भिंत काढून एल आकाराची एकच मोठी खोली केलीये, एका बाजूला बसायची जागा, दुसऱ्या बाजूला स्टुडिओ, भिंती पांढऱ्या, बरंचसं फर्निचर पांढरं आणि दक्षिणेच्या भिंतीत मॅकिन्टॉशने नव्याने पाडलेली लांब आडवी खिडकी. खालच्या अंधारातून वर येताना डोळे दिपतात आणि ते मुद्दाम केलेलं आहे. इथे किमान पंधरा मिनिटं उभे राहा. पांढऱ्यावर जांभळ्या काचेचा ठिपका कुठे आहे, कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला काय आहे, एवढंच शोधत राहा. आणि हे 1906 मधलं आहे हे मनात ठेवा, त्या काळी ग्लासगोत घराघरात कोळसा जळत होता, हवेत काजळी होती, आजूबाजूच्या दिवाणखान्यांत गडद वॉलपेपर आणि जड पडदे होते. अशा शहरात पांढरं घर ठेवणं म्हणजे रोजची मेहनत, आणि तरी त्यांनी ते ठेवलं.

जेवण उरकून दुपारी केल्विनग्रोव्ह म्युझियम, हंटेरियनपासून चालत वीस मिनिटं धरा, किंवा सबवेने केल्विनहॉलला उतरा. प्रवेश फुकट. 1901 ची ही भव्य लाल दगडाची बिल्डिंग, आणि गंमत म्हणजे याच बिल्डिंगच्या स्पर्धेत मॅकिन्टॉशच्या फर्मनेही डिझाइन पाठवलं होतं, ते निवडलं गेलं नाही. आत मॅकिन्टॉश आणि ग्लासगो स्टाइलचा, म्हणजे तो आणि त्याच्या आसपासच्या ग्लासगोच्या कलाकारांच्या शैलीचा, वेगळा विभाग आहे, थेट तिथे जा, म्युझियमचा पेंढा भरलेला हत्ती आणि टांगलेलं विमान नंतर बघा. इनग्रॅम स्ट्रीटच्या टी रूमसाठी 1900 मध्ये केलेली दोन मोठी गेसो पॅनेल्स (गेसो म्हणजे प्लास्टरसारखा लेप) इथे आहेत, मार्गारेटचं मे क्वीन आणि मॅकिन्टॉशचं वॅसेल. समोरून बघून पुढे जाऊ नका. बाजूला सरका, तिरकं बघा. रेषा रंगवलेल्या नाहीत, चक्क सुतळी चिकटवलेली आहे, मध्ये काचेचे मणी, शिंपल्याचे तुकडे, खाली गोणपाटासारखं जाडंभरडं कापड आणि प्लास्टर. ही दोन्ही पॅनेल्स टी रूममध्ये लागण्याआधी त्याच वर्षी व्हिएन्नात सेसेशन या नव्या विचारांच्या कलाकारांच्या गटाच्या प्रदर्शनात जाऊन आली, तिथल्या कलाकारांवर या जोडप्याची मोठी छाप पडली. ग्लासगोत मात्र ती टी रूमच्या भिंतीवर, लोक खाली सूप पीत असायचे.

दुसरा दिवस: पायी, मान वर करून

आजचा दिवस सिटी सेंटरचा आणि सगळा पायी. सेंट्रल स्टेशनपासून निघा. बुकॅनन स्ट्रीटच्या बाजूला मिचेल लेन नावाची बोळ आहे, तिथे ग्लासगो हेराल्ड या पेपरची जुनी बिल्डिंग, 1895 च्या आसपासची, आता लाइटहाउस म्हणून ओळखतात. मिचेल स्ट्रीटवरून कोपऱ्यातला टॉवर बघा, वर जाता जाता जरासा फुगतो, कारण वर पाण्याची टाकी होती, छापखान्याला आग लागली तर हाताशी पाणी असावं म्हणून. टाकी लपवण्याऐवजी त्याने तिलाच टॉवर केलं. आत गोल जिना आणि वर शहर दिसणारी जागा आहे पण 2020 पासून सर्वसामान्यांसाठी हे बंद झालंय, म्हणून आत जायचं गृहीत धरू नका, उघडं सापडलं तर नशीब.

तिथून पाच मिनिटांवर रेनफील्ड लेन. गुगल मॅप लावा, नाहीतर सापडणार नाही, कचऱ्याच्या डब्यांची मागची बोळ वाटते. इथे डेली रेकॉर्ड पेपरची बिल्डिंग, 1901 चं डिझाइन. बोळ इतकी अरुंद की ऊन खाली येतच नाही, म्हणून त्याने भिंतीला पांढऱ्या चकचकीत विटा लावल्या, येईल तेवढा उजेड परतवून खाली टाकायला. भिंतीला टेकून मान पूर्ण वर करा, वर जाताना विटांमध्ये झाडासारखी नक्षी दिसेल. शंभरातल्या नव्वद टुरिस्टना ही बिल्डिंग माहीतच नसते आणि माझ्यासाठी ती त्याच्या सगळ्यात हुशार कामांपैकी आहे, कारण जागा वाईट, बजेट पेपरवाल्याचं, समोरून कुणी बघणार नाही, तरीही एवढा विचार.

आता सॉकीहॉल स्ट्रीटला चढा, नंबर 217. ही खरी विलो टी रूम. शहरात मॅकिन्टॉश स्टाइलची दुसरी टी रूम दिसली तरी तिथे जाऊन हेच ते असं समजू नका, 217 हा नंबर लक्षात ठेवा. केट क्रॅन्स्टन नावाच्या बाईंनी ही 1903 मध्ये उघडली. त्या काळी ग्लासगोत दारूचा मोठा प्रश्न, दारूविरोधी चळवळ जोरात, बायकांना बाहेर बसून चार घटका गप्पा मारायला बरी जागा नाही, त्यातून शहरात टी रूमचं पेव फुटलं आणि या बाई त्यातल्या सगळ्यात धाडसी. त्यांच्या चार टी रूम्ससाठी मॅकिन्टॉशने वेगवेगळं काम केलं, पण बाहेरच्या दर्शनी भिंतीपासून चमच्यापर्यंत सगळं एका हाताने झालं ते इथेच. पूर्ण रिस्टोअर होऊन 2018 मध्ये उघडली आणि 2024 पासून नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड या जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या संस्थेकडे आहे.

समोरच्या फुटपाथवर जाऊन आधी बाहेरून बघा, शेजारी दगडी इमारती आणि मध्ये ही गुळगुळीत पांढरी, किंचित बाक असलेली. आत तळमजल्यावर पुढचा भाग पांढरा, मागचा गडद, वर गॅलरी, त्याच्या वर पुरुषांसाठी बिलियर्ड्सची खोली होती. पण बुकिंग करताना सालों द लक्सच मागा. पहिल्या मजल्यावर रस्त्याच्या बाजूची ही खोली, चंदेरी उंच खुर्च्या, जांभळं कापड, भिंतीभोवती शिसं भरलेल्या आरशांची पट्टी आणि मार्गारेटचं गेसो पॅनेल. इथलं पॅनेल प्रतिकृती आहे, मूळ केल्विनग्रोव्हमध्ये, काल बघितलं असेल तर लगेच ओळखाल. आरशांच्या पट्टीत बसलेल्या लोकांचे तुकडे तुकडे दिसतात, टोपी, हात, कप, आणि खोली भरलेली असली की ती भिंत हलायला लागते, म्हणून रिकाम्या वेळेपेक्षा दुपारी गर्दीच्या वेळी जाणं मला जास्त आवडतं. आफ्टरनून टी महाग वाटत असेल तर साधा चहा आणि स्कोन (छोटा गोल, केकसारखा पाव) घ्या. व्हेज हवं असेल तर बुक करतानाच सांगा आणि अंडं चालतं की नाही तेही स्पष्ट लिहा, तिथे व्हेज म्हणजे अंडं आलंच.

चहा झाला की मागची टेकडी, गार्नेटहिल, आणि रेनफ्रू स्ट्रीटवर आर्ट स्कूल. चढ खडा आहे, हळू चढा. कापड आणि परांची कुठवर आली आहे त्यावर काय दिसेल ते अवलंबून, पण या उंचीवर उभं राहिल्यावर एक गोष्ट कळते की उतारावरच्या अडचणीच्या प्लॉटवर, दोन टप्प्यांत, 1897 ते 1899 आणि मग 1907 ते 1909, त्याने ही केवढी मोठी बिल्डिंग उभी केली. उत्तरेला स्टुडिओच्या प्रचंड खिडक्या, कारण चित्रकारांना उत्तरेचा स्थिर उजेड लागतो, आणि त्या खिडक्यांसमोर वळणदार लोखंडी कंस, टोकाला फुलासारखी गुंफण. नक्षी म्हणून सुंदर आणि खिडक्या पुसणाऱ्यांची फळी ठेवायलाही उपयोगी. जुने फोटो मोबाइलमध्ये आधीच उतरवून घ्या आणि तिथे उभं राहून एकेक जुळवत बघा. समोर स्टीव्हन हॉलने डिझाइन केलेली आर्ट स्कूलचीच 2014 ची रीड बिल्डिंग आहे, हिरवट काचेची, तिच्यावरून ग्लासगोकर आजही तावातावाने भांडतात. मला विचाराल तर उजेड आत खोलवर आणायचा तिचा प्रयत्न प्रामाणिक आहे, पण जुन्या दगडासमोर ती फार थंड वाटते.

तिसरा दिवस: हेलेन्सबराचं हिल हाउस

एकच दिवस असेल तरी मी म्हणेन घर आणि हिल हाउस करा, बाकी सोडा. क्वीन स्ट्रीट स्टेशनच्या खालच्या प्लॅटफॉर्मवरून हेलेन्सबरा सेंट्रलची ट्रेन पकडा, पाऊण तासाच्या आसपास लागतो, डावीकडे बसलात तर बराच वेळ क्लाइड नदीचं रुंद पात्र दिसतं. स्टेशनवरून वर टेकडीकडे सरळ चढण, वीस-पंचवीस मिनिटं, आईबाबा बरोबर असतील तर टॅक्सी करा. हेलेन्सबरा अप्पर हे दुसरं स्टेशन घराच्या जास्त जवळ आहे पण तिथे गाड्या फार कमी थांबतात.

वॉल्टर ब्लॅकी या पुस्तक प्रकाशकासाठी 1902 ते 1904 मध्ये बांधलेलं हे घर. ब्लॅकीने सांगितलेलं की विटा आणि लाकडाची सजावट नको, खडबडीत गिलाव्याच्या करड्या भिंती आणि स्लेटचं छप्पर हवं. मॅकिन्टॉशने त्या गिलाव्यासाठी त्या वेळी नवं असलेलं पोर्टलंड सिमेंट वापरलं आणि तिथेच घात झाला. चुन्याचा जुना गिलावा ओल शोषतो आणि वाळताना बाहेर टाकतो, सिमेंटला बारीक चिरा पडतात, पाणी आत शिरतं आणि बाहेर पडायला वाट नाही. शंभर वर्षं स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याचा पाऊस पिऊन भिंती इतक्या ओल्या झाल्या की घर विरघळायची वेळ आली. मग 2019 मध्ये नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंडने अख्ख्या घराभोवती एक अवाढव्य पेटी उभी केली, स्टीलचा सांगाडा, वर छप्पर आणि बाजूंना चिलखतासारखी स्टीलच्या कड्यांची जाळी. पाऊस बराचसा अडतो, वारा खेळता राहतो, भिंती हळूहळू सुकतात.

लांबून ती पेटी बघून नाराज होऊ नका. त्या पेटीतून घराच्या भोवती आणि वर चालायच्या पुलांसारख्या वाटा केल्यात, त्यामुळे घराचं छप्पर, धुराडी, कोपऱ्यातला गोल बुरूज हे सगळं हाताच्या अंतरावरून बघायला मिळतं. दुसऱ्या कुठल्या घराचं छप्पर तुम्ही असं निवांत चालत बघणार? मी सांगेन आधी आत जा आणि वाटांवर शेवटी चढा, म्हणजे वरून एखादी विचित्र ठिकाणची छोटी खिडकी दिसली की आतली जागा आठवते.

आत हॉल गडद, जिन्यावर जांभळट उजेड, मग दिवाणखाना, भिंतीवर गुलाब आणि चौकटींची स्टेन्सिल, खिडकीत बांधलेली बसायची जागा, म्हणजे उन्हाळ्यात तिथे आणि हिवाळ्यात शेकोटीपाशी, एकाच खोलीत दोन ऋतू. वरची पांढरी बेडरूम ही तिथली सगळ्यात सुंदर खोली. पलंगाच्या वर छत वळवून कमान केलीये, आणि सगळ्या पांढऱ्यात शिडीसारख्या पाठीची एक काळी खुर्ची, बसण्यासाठी जेमतेमच. ती खुर्ची तिथून हलवली तर खोली बिघडेल, इतकी तिची जागा नेमकी आहे. खोल्यांमध्ये स्वयंसेवक उभे असतात, त्यांना विचारत राहा, बरेच जण वर्षानुवर्षं हे घर सांभाळतायत आणि मनापासून बोलतात. यूकेत शिकत किंवा नोकरी करत असाल तर नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंडची मेंबरशिप बघा, दोन-चार जागा झाल्या की पैसे वसूल.

आणखी एक दिवस असेल तर

सकाळी सबवेने शील्ड्स रोड. स्टेशनच्या समोरच स्कॉटलंड स्ट्रीट स्कूल, 1903 ते 1906. दोन बाजूंना दोन अर्धगोल जिन्यांचे बुरूज, एक मुलांचा एक मुलींचा, आणि मध्ये बालवर्गाच्या चिमुरड्यांसाठी छोटं दार. स्कॉटिश किल्ल्यांचे बुरूज जाड दगडाचे असतात, याने तेच बुरूज जवळजवळ सगळे काचेचे केले. आत म्युझियम होतं, सध्याची स्थिती बघून जा, पण बाहेरूनच बरंच काही मिळतं.

तिथून तीन स्टेशनं पुढे आयब्रॉक्स, मग बेलाहाउस्टन पार्कमध्ये चालत हाउस फॉर अ‍ॅन आर्ट लव्हर, स्टेशनपासून अर्धा तास धरा. 1901 मध्ये एका जर्मन मासिकाच्या स्पर्धेसाठी नवरा-बायकोने मिळून हे डिझाइन पाठवलं, आतल्या खोल्यांची ठरलेली चित्रं वेळेत पूर्ण नव्हती म्हणून स्पर्धेतून बाद झालं, तरी खास बक्षीस मिळालं. बांधलं मात्र 1989 ते 1996 मध्ये, तो गेल्यानंतर साठ वर्षांनी, फक्त ड्रॉइंगवरून. म्हणूनच हे शेवटी ठेवलंय. ड्रॉइंगमध्ये सगळे तपशील नव्हते, ते आजच्या लोकांनी भरले, आणि खरी घरं बघून झाल्यावर कुठे त्याचा हात आहे आणि कुठे अंदाज आहे हे तुमचं तुम्हाला कळायला लागतं. म्युझिक रूम मात्र कुठल्याही अटीशिवाय सुंदर आहे.

दुपारी सेंट जॉर्जेस क्रॉस स्टेशनवरून पंधरा-वीस मिनिटं चालत क्वीन्स क्रॉस, त्याने बांधलेलं एकमेव चर्च, 1899 मध्ये पूर्ण झालं. उलट्या होडीसारखं लाकडी छत आणि त्याखाली उघडेच ठेवलेले लोखंडी तुळया, झाकायचा प्रयत्नच नाही. 1973 मध्ये स्थापन झालेल्या मॅकिन्टॉश सोसायटीने हे चर्च वाचवलं, इथल्या दुकानात मिळणाऱ्या वस्तू शहरातल्या गुलाब-चौकोन छापलेल्या स्वस्त मालापेक्षा कितीतरी बऱ्या.

फुकटात काही हवं असेल तर कॅथेड्रलमागचं नेक्रोपोलिस, टेकडीवरचं जुनं दफनस्थान. तिथे पोलीसप्रमुख अलेक्झांडर मॅकॉल यांच्या थडग्यावरचा 1888 चा सेल्टिक क्रॉस मॅकिन्टॉशचा आहे, तेव्हा तो वीस वर्षांचा होता आणि मॅकॉल म्हणजे त्याच्या वडिलांचे साहेब. जवळच पार्सन स्ट्रीटवर, तो जन्मला त्याच रस्त्यावर, त्याची मार्टर्स स्कूल, बाहेरून बघा.

आणि एवढं करूनही समाधान झालं नसेल तर डंडीला जा. क्वीन स्ट्रीटवरून ट्रेन, दीड तासाच्या आत, स्टेशनच्या समोरच व्ही अँड ए डंडी म्युझियम. इनग्रॅम स्ट्रीटच्या टी रूममधली 1907-08 ची ओक रूम तिथे आहे. ती टी रूम मोडली तेव्हा ओक रूमचे तुकडे नंबर घालून ठेवले होते, जवळजवळ पन्नास वर्षं गोदामात पडून होते, मग ते शेकडो तुकडे जोडून 2018 मध्ये खोली पुन्हा उभी केली. कायमस्वरूपी गॅलरीला तिकीट नाही. गडद ओकमध्ये बसवलेल्या निळ्या-गुलाबी काचांचे छोटे तुकडे बघायचे असतील तर वरच्या बाल्कनीच्या खाली उभे राहून वर बघा. म्युझियम रोज उघडं असतंच असं नाही, तेव्हा ट्रेनचं तिकीट काढण्याआधी वार बघून घ्या.